चांदणीच्या मशीनला माळ कुणी घातली

गाळ्याचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. चांदणी त्याच्याखालून वाकून आत आली आणि वाकताना कमरेतून गेलेली कळ तिने तोंडावर येऊ दिली नाही.

"आली, आली! लेकुरवाळी आली!" पॅकिंगच्या टेबलावरून मिनल ओरडली. "पेढे कुठायत, ताई?"

"पेढे बारशालाच संपले. आता घरी फक्त जागरण मिळतं. देऊ थोडं?"

"नको बाई. ते मला सासरी आयतं मिळतं."

चांदणी हसली. सहा महिन्यांची बाळंतपणाची सुट्टी संपवून ती आज परत येत होती. डब्यात कालची भाजी, ओढणीखाली घडी घालून ठेवलेला सुती रुमाल. दूध कधी वाहील सांगता येत नव्हतं. घरून निघताना पोरगी झोपलेली होती, म्हणून सुटली. जागी असती तर कदाचित निघवलंच नसतं.

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचे हे गाळे एकाला एक चिकटून उभे आहेत. दिवसभर पत्रा वाजतो. या गल्लीत कुणी कुणाशी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही. प्रेमात पडलेले सुद्धा इथे ओरडूनच बोलतात. धर्मेशभाईंचा गाळा त्यातलाच. पुढे काचेची केबिन, मग प्रेस, मग पॉलिशची चाकं, आणि मागच्या कोपऱ्यात स्पॉट वेल्डिंगचं मशीन. कढई किंवा टोप तयार झाला की त्याला दोन बाजूंना मुठी बसवायच्या. गाळ्यात त्याला 'कान लावणं' म्हणतात. पायाने पेडल दाबायचं, ठिणगी उडते, कान चिकटतो. नेम चुकला तर एक कान वर, एक खाली, आणि असली कढई गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं.

चांदणी शिगवण या मशीनवर आली ती चुकूनच. बारावी झाल्यावर ती पॅकिंगला लागली होती. वडील रत्नागिरीहून येऊन भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीत वॉचमन झालेले, पाठचे दोन भाऊ शिकत होते. स्पॉटवरचा माणूस होळीला गावी गेला तो परत आलाच नाही. ऑर्डर अडकली. धर्मेशभाई केबिनच्या दारात उभे राहून ओरडले, "कोई है?" सगळे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले आणि ही म्हणाली, "मी बघू?" पहिल्या दिवशी तिने लावलेले कान बघून पॉलिशवाला दशरथ पोट धरून हसला होता. "ये कढाई है की खरगोश?" महिन्याभराने तोच आपल्या घरची कढई घेऊन आला, कान बदलून दे म्हणून.

मशीनवरचा रोज पॅकिंगपेक्षा बराच जास्त. त्या जास्तीच्या रोजावर धाकट्या भावाचा डिप्लोमा झाला, तिचं लग्न झालं, जवळच इंद्रलोक भागात भाड्याची खोली झाली. नवरा प्रणय शाळेची व्हॅन चालवतो. मे महिन्यात व्हॅन उभी, म्हणजे मे महिन्यात घर चांदणीच्या उजव्या पायावर चालतं. पेडलच्या पायावर.

तर ती सवयीने कोपऱ्याकडे गेली. स्टुलावर फुलाफुलांची एक उशी होती, तिची नसलेली. उशीवर आशा बसली होती. डोळ्यांना ठिणगीचा चष्मा, हातात टोप, पाय पेडलवर.

"आयलीस?" आशा म्हणाली. "पोर कशी हाय?"

"बरी आहे. रात्री झोपत नाही."

"माज्या पोरानं तर दोन वरसं झोपू दिला न्हाय. तू अजून काय बगलंस."

आशा गोडदेव गावातली. चांदणीपेक्षा वयाने मोठी, इतकी वर्षं पॅकिंगच्या टेबलावर शेजारी बसलेली. बोलताना ती नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. आज टोपाकडे बघत होती. आणि उठली नाही.

"चांदणी! अंदर आ!" केबिनमधून हाक आली.

धर्मेशभाईंनी खुर्ची दाखवली. आजवर कधी दाखवली नव्हती.

"कैसी है बेबी? नाम क्या रखा?"

"मृणालिनी."

"अरे बाप रे. इतना लंबा? स्कूल के फॉर्म में बैठेगा?" ते स्वतःच हसले. "अच्छा सुन. तू अभी पॅकिंग में बैठ. आशा का हाथ जम गया है मशीन पे. तेरेको भी आराम मिलेगा. छोटा बच्चा, पेडल मारना, तेरेसे कहाँ होगा अभी."

"होगा भाई. डॉक्टरने हो बोला है."

"मैं तेरे भले के लिए बोल रहा हूँ."

"रोज?"

"पॅकिंग में पॅकिंग का रोज. सबका एक है. तेरे लिए अलग कैसे करूँ?"

चांदणीने मान हलवली. तिला वाटलं, हे आज नको, पाय दुखतायत, हे उद्या बोलू. पण एक गोष्ट ती घरून ठरवून आली होती. पोरीच्या लसी, डिपॉझिटचे राहिलेले पैसे, सगळं त्या एका गोष्टीवर टांगलेलं होतं.

"भाई, और वो बोनस? दसऱ्याचं पाकीट. मी नव्हते तेव्हा."

धर्मेशभाईंच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"वो तो दे दिया."

"किसको?"

"मशीन पे रखा था. हर साल के जैसा. जिसने माला डाली, उसने उठाया. बापूजी का नियम है, तू जानती है."

ती जाणत होती. गाळ्यातलं शेंबडं पोरही जाणत होतं. बोनस दिवाळीचा, पण इथे तो दसऱ्याला मिळायचा. धर्मेशभाईंच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. दसऱ्याला सकाळी प्रत्येकाने आपलं मशीन धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालायची. मग शेठ आरतीचं ताट घेऊन फिरणार आणि प्रत्येक मशीनवर, सुपारीच्या खाली, एक पाकीट ठेवणार. ज्याने माळ घातली त्याने ते उचलायचं. नव्या वर्षाचा वाढलेला रोज शेठ तेव्हाच कानात सांगणार. काम सोडून गेलेला एक माणूस एकदा भर पूजेत बोनस मागायला आला होता, तेव्हापासून नियम पक्का: माळ ज्याची, पाकीट त्याचं. पॅकिंगच्या टेबलाला माळ नाही. पॅकिंगवाल्यांना मिठाईचा बॉक्स आणि जरासा चेपलेला, विकला न जाणारा एक डबा.

आणि गेल्या दसऱ्याला चांदणीने स्वतः फोन करून आशाला माळ घालायला सांगितलं होतं.

नवरात्रात पोरगी जन्माला आली. घराला सोयर. बारा दिवस देवाजवळ जायचं नाही, पूजेला हात लावायचा नाही. चांदणी पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली होती, "आई, मशीन उघडं राहील ओ. सगळ्यांच्या मशीनला माळ आणि माझंच बोडकं."

सासू द्वारका शेगडीवर शेक करत होती. "मग काय आता? ओल्या बाळंतिणीने जायचं हाय पूजेला? मशीनला काय पान्हा फुटतोय?"

"अपशकुन होतो. ठिणगी डोळ्यात जाते."

"कुणाला तरी सांग की घालायला. हाय ना ती गोडदेवची."

तिने सांगितलं. "आशाताई, माझ्या मशीनला एवढी माळ घालशील? सोयर आहे गं." आशा म्हणाली, "घालते की. त्याच्यात काय." पाकिटाचा विषय दोघींच्या बोलण्यात आला नाही. चांदणीच्या डोक्यात होतं, ते भाई ठेवतील बाजूला. दशरथचा पाय मोडला होता तेव्हा त्याचं ठेवलंच होतं ना.

पुढे आशा बाळाला बघायला आली. झबलं आणलं, आणि चांदीचे वाळे. द्वारकेने वाळे तळहातावर तोलून पाहिले, आशा गेल्यावर म्हणाली, "भारीच जीव दिसतोय हिचा तुझ्यावर." चांदणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवसांत ते कशानेही यायचं.

* * *

"मग आशाकडूनच घे ना," प्रणय म्हणाला. तो व्हॅन धुऊन वर आला होता, बाह्या ओल्या. पोरगी त्याच्या मांडीवर पालथी.

"भाई पण तेच बोलले. दोनों बहन हो, आपस में बाँट लो."

"मग बरोबर बोलले."

"काय बरोबर? अख्खं वर्ष कान लावले मी. गणपतीला सुट्टीवर गेले. दसऱ्याच्या आधी महिनाभर आशा बसली त्या मशीनवर. पाकीट वर्षाचं असतं की माळेचं?"

"मला काय विचारतेस? मी शेठ आहे काय?"

"आणि सुट्टीतला माझा पगार ईएसआयसीच्या विम्याने दिला. त्यांच्या खिशातून एक रुपया गेला नाही."

"चांदणी," प्रणय थकून म्हणाला, "सोड ना. कुठे भांडत बसणार? नोकरी आहे तेवढी ठेव."

द्वारका आतून म्हणाली, "आधी जेवा. भांडण काय, भाकरीसारखं गार होत नाय."

ईएसआयसीचे राहिलेले कागद द्यायला गेली तेव्हा चांदणीने काउंटरवरच्या बाईंना सहज विचारलं. त्यांनी शिक्का मारता मारता सांगितलं, "बाळंतपणाच्या पगारी सुट्टीचे दिवस बोनसला कामाचेच धरतात, बाई. देत नसतील तर लेबर ऑफिसला अर्ज करा." चांदणीने मान हलवली. अर्ज करायला ठाण्याला जायचं. म्हणजे एक खाडा, पोरीला वरचं दूध, सासूची कंबर. अर्ज तिच्या डोक्यात तयार होता, अगदी 'आपली विश्वासू'पर्यंत. जायचा दिवस तेवढा सापडत नव्हता.

गोडदेव मात्र जवळ होतं. रविवारी ती उठली, झोपलेल्या पोरीच्या मनगटांतले वाळे हळूच काढले आणि मुठीत धरून चालत निघाली.

आशाचं घर जुनं, कौलारू, चारी बाजूंनी टॉवर. तिच्या सासऱ्यांची भातखाचरं कधीच विकली गेली होती. "जमीन गेली, बिल्डिंग झाली, आमच्या वाट्याला वॉचमनशी वलख आयली," हा तिचा नेहमीचा विनोद. ओट्यावर जवळा सुकत घातला होता आणि ती एका हाताने कावळे हाकत होती.

"ये. बस. चाय ठेवते."

"चहा नको." चांदणीने मूठ उघडली. "हे घे."

"काय?"

"वाळे. पोरीचे."

"कया परत देतेस? तुटलं काय?"

"माझ्याच पाकिटातले ना? माझेच पैसे मला भेट देऊन काय उपयोग, ताई?"

आशाचा कावळे हाकणारा हात थांबला. एक कावळा उतरला, जवळा घेऊन गेला.

"कोनी सांगला तुला?"

"भाईंनी. आशाने उचललं म्हणाले."

"उचलला. मंग? मी काय चोरी केली? इतकी वरसं चेपलेला डबा घेऊन घरी आयले मी. पयल्यांदा माज्या हातात पाकीट आयला. पन भाईनं तुला ह्ये न्हाय सांगला, का मी त्याला ईचारलं व्हतं. तिथंच, पूजेत. बोलले, भाई, ह्यो चांदनीच्या घरी देऊन येऊ काय? तर बोलला, उसका मैं अलग से दूँगा, ये तेरा है. देवीची शपथ."

"अलग से?"

"अलग से. मना वाटला, तुला भेटला. म्हनून तर वाले आनले. न्हायतर माजी ऐपत हाय काय चांदीची?"

समोरच्या टॉवरच्या गॅलरीत कुणी तरी चटई झटकत होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ईचारलंस काय? आयलीस तवाच तोंड फिरवून गेलीस. मना वाटला मशीनवर बसले म्हनून राग धरलास." आशाने नाक पुसलं. मग तिची नजर चांदणीच्या मुठीवर गेली आणि तिचा आवाज एकदम चढला. "आनि ह्ये काय केलंस तू? निजलेल्या पोरीच्या हातांतलं काढून आनलंस? आयस हायस का कोन? उघडं हात ठेवलंस तिचं!"

"ताई..."

"ताई-बिई कायपन न्हाय! जा! आदी तिला घाल जा. मंग भांडू."

चांदणीला रडू यायला हवं होतं. पण रडायलाही काही तरी शिल्लक असावं लागतं. ती नुसतीच ओट्यावर बसून राहिली. आशाने चहा आणला. बशीत ओतला, फुंकला आणि तिच्या हातात दिला.

* * *

सोमवारी दोघी केबिनमध्ये गेल्या. खुर्ची कुणीच दाखवली नाही.

"मैंने बोला? अलग से?" धर्मेशभाईंनी कपाळ चोळलं. "याद नहीं आ रहा. पूजा के टाइम आदमी सौ बात बोलता है."

"भाई, दशरथभाऊंचा पाय मोडला होता," चांदणी म्हणाली. "गेल्याच्या आधीच्या दसऱ्याला. त्यांच्या मशीनला पुतण्याने माळ घातली. पाकीट तुम्ही स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं. सफरचंदं पण नेली होती."

"वो तो ॲक्सिडेंट था."

"और मेरा?"

"तेरा तो..." ते शब्द शोधू लागले. सापडला तेव्हा त्यांना बरं वाटलं. "तेरा तो खुशी का मौका था ना!"

आशा म्हणाली, "भाई, मेरा मेरेको मिला. उसका उसको दो. नियम बापूजी का है, पैसा तो तुमाराच है ना?"

"देखता हूँ. सीए को पूछता हूँ. अभी मार्च है, सब का हिसाब चालू है."

मार्च गेला. एप्रिलमध्ये ऑर्डर ढिल्या होत्या. मे महिन्यात भाई गावी गेले. जूनमध्ये सीए बदलला. चांदणी दर पंधरवड्याला केबिनच्या दारात उभी राहायची, आणि भाई फोनवर नसले तर फोन कानाला लावायचे. ती पॅकिंगच्या टेबलावर कढया पुसायची, स्टिकर लावायची, थर्मोकोलमध्ये बसवायची. आशाने लावलेला एखादा कान तिरका आला की न बोलता बाजूला ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत ती आणि आशा त्या बाजूला ठेवलेल्या कढया सरळ करायच्या. "पेडल थोडं उशिरा सोड," चांदणी सांगायची. "घाई नको. ठिणगी दिसली की एक श्वास, मग सोड." आशा ऐकायची.

"तू येडी हायस," आशा एकदा म्हणाली. "माजा हात सुधरवतेस. मंग तुला मशीन कोन देईल?"

"तिरक्या कढया परत आल्या तर पॅकिंगचं नाव खराब होतं. मी पॅकिंगला आहे ना आता."

दुसरीकडे विचारून झालं होतं. शेजारच्या गाळ्यातल्या शेठने तिचं काम ऐकून लगेच हो म्हटलं, मग सहज विचारलं, "बच्चा कितना बडा है?" तिने सांगितलं. "अच्छा, अच्छा. फोन करूँगा." दोन गाळे पुढे, तेच. तिसऱ्या गाळ्यात ती गेलीच नाही. दमली होती. मशीन तिला घरून निघताना दिसायचं, जेवताना दिसायचं. तिला फक्त ते परत हवं होतं, आणि गेल्या वर्षीचं तिचं जे होतं ते.

मृणालिनीला दात आले. द्वारकेला नातीचं नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती तिला बाळी म्हणायची. वाळे घट्ट होऊ लागले.

* * *

दसऱ्याच्या सकाळी गाळा धुऊन निघाला. पाण्याबरोबर स्टीलचा काळा कीस गटारात वाहत गेला. प्रेसला माळ, पॉलिशच्या चाकांना माळ, केबिनच्या दाराला आंब्याचं तोरण. धर्मेशभाईंच्या पत्नी हंसाबेन वर्षातून याच एका दिवशी गाळ्यात यायच्या, नवी साडी सावरत, ताट घेऊन.

ताट फिरत फिरत कोपऱ्यात आलं आणि थांबलं. स्पॉटचं मशीन स्वच्छ पुसलेलं होतं. कुंकू नाही, फूल नाही. बोडकं.

"ये क्या?" धर्मेशभाई म्हणाले. "आशा, माला कहाँ है?"

माळ आशाच्या हातात होती. पिशवीत घालून गोडदेवहून आणलेली, टपोऱ्या झेंडूची. तिने ती पॅकिंगच्या टेबलावर ठेवली.

"माजं मशीन न्हाय, भाई. मी गेल्या साली दुसऱ्याच्या मशीनला माल घातली, लई महागात पडली. आता न्हाय."

"चांदणी, तू डाल."

"मैं तो पॅकिंग में हूँ, भाई." चांदणीचा आवाज चढला नव्हता. "आमच्या टेबलाला माळ नसते."

"ये क्या नाटक है सुबह सुबह? दशरथ! तू डाल दे."

दशरथने आपल्या पायाकडे पाहिलं, तो मोडून जोडलेला. "मेरा वाला हो गया, भाई. दो-दो पाकीट कैसे उठाऊँ? लोग क्या बोलेंगे?"

कुणीतरी खाकरलं. मिनलने तोंडात ओढणी कोंबली. पत्रा बंद होता आणि या गल्लीत वर्षातून एकदाच येते ती शांतता होती, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

हंसाबेन ताट धरून उभ्या होत्या. निरांजन फडफडत होतं. "आ मशीन खाली केम छे?" त्यांनी बोडक्या मशीनकडे बघून विचारलं.

धर्मेशभाई गुजरातीत भराभर काही बोलले. हंसाबेननी ऐकून घेतलं. मग चांदणीकडे वळल्या.

"तारी बेबी हुई थी ना? पिछले साल?"

"हां, बेन."

"तो इसका पाकीट घर नहीं भेजा?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, उशीर होतोय एवढंच होतं. "अपशुकन थाय छे. दे दो ना. मुहूर्त निकल जाएगा."

धर्मेशभाई केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, ते खण उघडत होते, मोजत होते, परत थोडे आत ठेवत होते. बाहेर आले ते पाकीट घेऊन. त्याच्यावर नाव नव्हतं.

"ले. पिछले साल का. थोडा कम है, पूरा साल तो तू थी नहीं."

"गणपतीपर्यंत मीच होते, भाई."

"ले ना अभी! पूजा है!"

तिने घेतलं. उघडून पाहिलं नाही. हाताला पातळ लागलं, तेवढ्यावरून तिला कळलं. "बाकीचं मी मागणार आहे," ती म्हणाली. "आणि रोज? मशीन?"

"एक टाइम पे एक बात, चांदणी."

"सात महिने एकच बात चालू आहे."

आशाने माळ उचलली, एक टोक चांदणीच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. दोघींनी मिळून ती मशीनला घातली. ताट फिरलं. सुपारीखाली यंदाचं पाकीट ठेवताना शेठचा हात क्षणभर अडखळला, मग त्यांनी ते ठेवलं आणि पुढे गेले. आशाने ते उचललं. चांदणीला पॅकिंगवाल्यांबरोबर मिठाईचा बॉक्स मिळाला आणि डबा. डबा एका बाजूने चेपलेला होता.

"बघू," मिनल म्हणाली. "माझा जास्त चेपलाय. बदलायचाय?"

घरी द्वारकेने पाकीट देवापुढे ठेवलं, मग काढून चांदणीच्या हातात दिलं. "किती दिलं?"

"कमी."

"कमी तर कमी. नायतर काय मिळत होतं?"

पोरगी चांदणीच्या कुशीत शिरली होती आणि पिता पिता चेपलेला डबा ओढत होती. तिला तो फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी शटर पुन्हा अर्ध्यावर अडकलं होतं. चांदणी वाकून आत आली. पॅकिंगच्या टेबलावर तिने जेवणाचा डबा ठेवला, आणि तिथे न बसता सरळ मागे चालत गेली. कालची माळ जरा सुकली होती. तिने ती बाजूला सरकवली, स्टुलावर बसली आणि चष्मा लावला.

आशा आली. उशीवर चांदणी बसलेली बघून थांबली.

"आनि मी?"

"तू पण बस. तो क्रेट ओढ. मी कान लावते, तू पकडून दे."

"पॅकिंगला कोन?"

"ते भाईंनी बघावं."

आशाने क्रेट उलटा केला, त्यावर बसली आणि पहिली कढई पुढे सरकवली. काचेपलीकडे धर्मेशभाई उठून उभे राहिले होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, मग प्रेस सुरू झाला आणि काहीच ऐकू आलं नाही.

"आता बोलवंल," आशा कानाशी ओरडली. "आज न्हाय तर उद्या. बगू, आदी कोन दमतो."

"मी दमूनच आलेय गं," चांदणी म्हणाली आणि पेडलवर पाय ठेवला. "मला आता आणखी किती दमवणार?"

ठिणगी उडाली. तिने एक श्वास घेतला आणि पाय सोडला.